रविवारची बैठक: बीए, एमए, नेटवाले सगळ्यांनी वाचा
मंडळी, रविवारी सकाळी १० ला नेहमीच्या जागी, मागच्यासारखं ११ ला उगवू नका. बीएच्या पोरांनो, जॅमला (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) इकॉनॉमिक्सचा पेपर २०२१ पासून आहे आणि त्यात गणित भरपूर येतं, तर लॅग्रांजची (अट पाळून कमाल-किमान काढायची) उदाहरणं वहीत सोडवून आणा, मोबाईलमधले फोटो चालणार नाहीत. एमएवाले, नेटमध्ये (प्राध्यापकी-पीएचडीची पात्रता परीक्षा) जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, हुकलं तरी फक्त पीएचडीसाठीची तिसरी कॅटेगरी आहे, पण तो स्कोअर १ वर्षच चालतो आणि पीएचडी प्रवेशात त्याला ७० टक्के वेटेज, मुलाखतीला ३०, म्हणजे विषय आत्तापासूनच पक्का करा ("महागाईवर काहीतरी" हा विषय होत नाही!). आणि माझी इकॉनोमेट्रिक्सची (अर्थशास्त्रातली आकडेमोड) झेरॉक्स, शेवटच्या पानावर चहाचा डाग असलेली, ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप घेऊन या.