एकाच लोकलवरची दोन मैदानं

एडिसन, न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकदा मजकुरासाठी आणि दोनदा मागे वाजणाऱ्या खडकी स्टेशनातल्या लोकलच्या भोंग्यासाठी.

तर तुझ्यापुढे दोन पोरं आहेत आणि हॉकीच्या संघात जागा एकच. एक अंगानं भरलेला, उद्याच्या मॅचला खुशाल उतरवावा असा. दुसरा काडीपैलवान, पण बॉल स्टिकला चिकटलेला. आणि तू मला विचारतोस, ‘तुमच्याकडे नंबर लावून पोरं उचलतात ना, ते कसं ठरवतात रे?’

ते चुकतात, सुन्या. आणि मीही चुकलो होतो. तेच सांगतो.

इथली हॉकी म्हणजे बर्फावरची. बॉलऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. पोरं उचलायची रीत, तिला ड्राफ्ट म्हणतात, आपल्या आयपीएलच्या बरोबर उलटी. लिलावात ज्याच्या खिशात पैसे त्याचा माल. इथं गेल्या वर्षी जो तळाला गेला त्याचा मान आधी. पण मग लोक मुद्दाम हरतील, म्हणून तळातल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकतात. २०१९ साली पहिला नंबर लागण्याची शक्यता न्यू जर्सी डेव्हिल्सना होती ११.५ टक्के आणि न्यूयॉर्क रेंजर्सना ७.५. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा डेव्हिल्स पहिले, रेंजर्स दुसरे! मधे फक्त हडसन नदी. आमच्या एडिसनहून निघणारी लोकल आधी नेवार्कला थांबते, तिथं डेव्हिल्सचं मैदान. त्याच गाडीत बसून राहिलास तर पुढं न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात उतरशील, आणि रेंजर्सचं मैदान त्या स्टेशनाच्या डोक्यावरच. मॅचच्या दिवशी एकाच डब्यात लाल आणि निळ्या जर्सी एकमेकींकडे न बघता बसलेल्या असतात. १९९४ च्या सेमीफायनलचा सातवा सामना रेंजर्सनी दुसऱ्या जादा वेळेत जिंकला, त्याची जखम इथले म्हातारे अजून उघडी करून दाखवतात.

डेव्हिल्सनी उचलला जॅक ह्यूज. जेमतेम पाच फूट दहा इंच, चेहरा दहावीतल्या पोराचा. रेंजर्सनी उचलला फिनलंडच्या तुर्कूचा काप्पो काक्को, सहा फूट दोन इंच. आणि हा काक्को काय होता म्हणून सांगू! सतरा-अठरा वर्षांचा असताना फिनलंडच्या मोठ्या लीगमध्ये बाप्यांविरुद्ध २२ गोल. त्या जानेवारीत ज्युनिअर वर्ल्डकपची फायनल, समोर अमेरिका, अमेरिकेकडून ह्यूज, आणि शेवटची दीड मिनिटं उरली असताना विजयी गोल काक्कोचा. गंमत म्हणजे ती फायनल व्हँकुव्हरच्या ज्या मैदानात झाली, तिथंच जूनमध्ये ड्राफ्ट झाला. मधल्या मे महिन्यात मोठ्यांचा वर्ल्डकप, तिथंही सहा गोल आणि सोन्याचं पदक. हे सगळं टाइप वन मधुमेह सांभाळून. आपल्या अण्णांची उतारवयातली साखर नव्हे ती. मॅचच्या मध्यंतरात रक्त तपासायचं, इन्सुलिन घ्यायचं. वर गहूही चालत नाही. आपल्याकडे जन्मला असता तर ज्वारीच्या भाकरीवर सुखात राहिला असता.

मी काक्कोवर पैज लावली. मोठ्यांत खेळलेला पोरगा, आणखी काय बघायचं? निळी २४ नंबरची जर्सीही घेतली. आमचा ओम तेव्हा आठ वर्षांचा. तो म्हणाला, ‘मला ह्यूज. तो माझ्यासारखा लहान दिसतो.’

पहिल्या वर्षी मी जिंकलो. काक्कोचे १० गोल, ह्यूजचे ७. ह्यूजला कुणीही खांद्यानं ढकलावं आणि त्यानं कडेच्या फळीवर जाऊन आदळावं. ‘फुसका बार निघाला’ असं लोक उघड बोलायला लागले. मग करोना आला, खेळ थांबला आणि त्या सुट्टीत त्यानं अंगात ताकद आणली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, मोसमातल्या पहिल्याच मॅचला जादा वेळेत विजयी गोल मारला आणि हातातली स्टिक थेट प्रेक्षकांत भिरकावली. मला तर धस्स झालं. मोडक्या स्टिकला सुतळी आणि सायकलची ट्यूब गुंडाळून खेळलेली माणसं आपण. धनराज पिल्लेही आपल्या खडकीत तसल्याच स्टिकवर शिकला. स्टिक फेकतात होय?

२०२२-२३ ला ह्यूजनं गोल आणि पास धरून ९९ गुण केले. डेव्हिल्सच्या इतिहासात एका मोसमात एवढे कुणीच केले नव्हते. त्याच वर्षी काक्कोचा तोवरचा सगळ्यात चांगला मोसम झाला. गुण किती? ४०.

हे आकडे शेजारी मांडून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. ह्यूज आला तेव्हा डेव्हिल्सचं घर पडलेलंच होतं. हरायचंच होतं, मग पोराला चुकू दिलं. चुकला तरी पुन्हा उतरवायचं, पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, पहिल्या फळीत तोच. रेंजर्सना मात्र जिंकायची घाई. पॉवर प्लेला पहिल्या फळीत पनारिन, झिबानेजाड, क्रायडर ठाण मांडून बसलेले. काक्कोच्या पानात उरलंसुरलं पडायचं. २०२२ च्या सेमीफायनलला, हरलो तर घरी अशा सामन्यात त्याला बाहेरच बसवला.

पण सगळं खापर रेंजर्सवर फोडणंही खोटंच. पुढच्या वर्षी मोसमाच्या सुरुवातीला त्याला झिबानेजाड-क्रायडरच्या जोडीला खेळवून बघितला, तिथं तो टिकला नाही. कोपऱ्यात पक त्याच्याकडून हिसकावून घेणं अवघड, ते त्याला आजही येतं. पण पक मिळाल्यावर पुढं काय, हे ह्यूजला आधी दिसतं आणि त्याला अर्ध्या क्षणानं उशिरा. तो अर्धा क्षण आठव्या वर्षी ओमला दिसला होता की काय, कोण जाणे. मला फक्त उंची दिसली.

गेल्या महिन्यात काक्कोला पुन्हा एका मॅचला बसवलं. तो नाराजी उघड बोलला आणि लगेच त्याची सिएटलला रवानगी झाली. बदल्यात एक बचावपटू आणि पुढच्या ड्राफ्टमधले दोन किरकोळ नंबर. जगात दुसरा निवडलेला पोरगा! मी बातमी वाचून गप्प बसलो. पाच वर्षं ओमनं मला त्या जर्सीवरून छळलंय, म्हणून आता तोफ सुटणार याची वाट बघत होतो.

तुझ्या पोरांबद्दल मी इथून काय सांगणार? काडीपैलवान घेतलास तर पहिलं वर्ष तुला शिव्या पडतील, एवढं नक्की. आणि दुसऱ्याला बाहेर ठेवलंस, तर त्याला त्याच्या तोंडावर, तूच सांग. दोघांचे व्हिडिओ पाठव. उंची दिसणार नाही असे, जवळून काढलेले.

तोफ सुटलीच नाही, सुन्या. सिएटलची घरची मॅच इथं रात्री दहाला सुरू होते. गेल्या आठवड्यात बघतो तर सकाळची शाळा असून ओम सोफ्यावर, टीव्ही लावलेला, आवाज बंद. ‘बाबा, त्याचा नंबर आता ८४ आहे,’ एवढंच म्हणाला आणि सरकून मला जागा केली.

एप्रिलमध्ये येतोय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या