पहाटे चारचा 'जगाच्या पाठीवर'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. जुने मराठी चित्रपट टीव्हीवर लावले तरी बघायला माणूस उरलेला नाही, असा निकाल लेखकमहाशयांनी देऊन टाकला आहे. आमच्या घरात अशी दोन माणसं अजून शिल्लक आहेत. एक मी आणि दुसऱ्या माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. लेख मीच त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आधी लावून तर बघ मेल्या." यातला शेवटचा शब्द छापू नये, ही विनंती.

गेल्या महिन्यात एका वाहिनीने आठवडाभर पडद्याखाली पट्टी फिरवली: रविवारी दुपारी बारा वाजता 'जगाच्या पाठीवर'. राजा परांजपे यांचा हा सिनेमा सासूबाईंनी १९६० साली, लग्नाच्या वर्षी, मिरजेत पाहिलेला. त्यामुळे त्या रविवारी आमच्याकडे दहालाच कुकर उतरला. विश्रामबागेतून नणंद आली, येताना भडंग घेऊन. मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा पदराने दोनदा पुसून सासूबाई पावणेबारालाच टीव्हीसमोर बसल्या. बाराला सुरू झाला तो डब केलेला मारधाडीचा सिनेमा. नायकाने एका लाथेत जीप उडवली. "हा काही राजाभाऊंचा नव्हे," सासूबाई म्हणाल्या. पण चुकून लागला असेल, जाहिराती झाल्या की बदलतील, म्हणून पाऊण तास उठल्या नाहीत. दिलगिरीचा एक शब्द नाही. उलट खाली पट्टी आपली फिरतच होती, 'आज दुपारी बारा वाजता' म्हणून!

पुढच्या आठवड्यात दूधवाल्याने सांगितलं, "काकू, तुमचा तो आंधळ्या पोरीचा पिच्चर लागला हुता की पहाटे चारला. निम्मा बघितला, मग कॅन उचलायला गेलो." म्हणजे लेखकमहाशयांच्या हिशेबात त्या दिवशीचा प्रेक्षक एक, आणि तोही निम्मा. अशा हिशेबावर टीआरपी काढायचा आणि वर 'लोकांना नकोत' म्हणायचं, हा न्याय चांगला आहे.

'हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं' असंही लेखात आहे. मिळतं. नातवाने लावून दिलं होतं. चित्र वाटीएवढं, त्यात कुणीतरी नायिकेच्या, सीमा देवबाईंच्या, नेमक्या चेहऱ्यावर आपल्या नावाचा शिक्का मारलेला, आणि ओठ हलून झाल्यावर आवाज येतो. सासूबाईंनी दोन मिनिटं पाहून मोबाइल उलटा ठेवला.

खरं तर आम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळच आली नसती. आमच्या ह्यांनी नव्वदच्या आसपास शनिवारी संध्याकाळचे मराठी सिनेमे व्हीसीआरवर टेप करून ठेवले होते. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'ऊनपाऊस', 'साधी माणसं'. ई-१८० च्या, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटी. टेप झाली की मागची प्लास्टिकची चिमुकली पट्टी स्क्रू ड्रायव्हरने मोडायची, म्हणजे तिच्यावर दुसरं काही चढत नाही. तरी कडेला लाल शाईने 'पुसू नये' असं लिहायचेच. ते गेल्यावरही मी त्या तशाच ठेवल्या होत्या, खालच्या खोलीतल्या कपाटात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही सासूबाईंना घेऊन नणंदेकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा कपाट आडवं पडलेलं आणि प्रत्येक कॅसेटीच्या काचेआड चिखल. गच्चीवर वाळवून पाहिल्या. फीत अशी चिकटली होती की ओढली की तुटायची. शेवटी गाद्यांबरोबर ट्रॉलीत गेल्या. लाल शाई मात्र एक-दोन कॅसेटींवर तशीच होती. पुण्यात २००३ च्या आगीत प्रभात कंपनीच्या जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती गेल्या तेव्हा सगळे हळहळले. आमचं नुकसान पंचनाम्यात 'इतर साहित्य' या रकान्यात बसलं.

बरं, वाहिन्यांना जुनं चालत नाही असंही नाही. 'मेरा साया' महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे लागलेला असतोच. तो ज्यावरून काढला तो राजाभाऊंचा १९६४ चा 'पाठलाग' शेवटचा कधी लागला होता, लेखकमहाशयांना ठाऊक असल्यास कळवावं. राजा परांजपे जन्माने मिरजेचे, गीतकार गदिमा आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, संगीतकार बाबूजी म्हणजे सुधीर फडके कोल्हापूरचे. 'जगाच्या पाठीवर'मधले हे तिघेही आपल्याच परिसरातले. आम्ही सांगलीतल्या 'नाट्यपंढरी'च्या कमानीखालून रोज जायचं, आणि यांचा सिनेमा बघायला पहाटे चारला उठायचं.

त्याच लेखातल्या छायाचित्राबद्दलही लिहिणं भाग आहे. फोटोत ऐरण आहे, भाता आहे, शेजारी जयश्री गडकर आणि सूर्यकांत. खाली ओळ काय, तर 'सांगत्ये ऐका'! अहो, तो 'साधी माणसं'. भालजी पेंढारकरांचा, १९६५ चा. 'सांगत्ये ऐका' त्याआधी सहा वर्षांचा, अनंत माने यांचा. 'साधी माणसं'मधलं ऐरणीच्या देवाचं गाणं तुमच्या कार्यालयात एकालाही येत नसावं, याचं वाईट वाटलं. जुने सिनेमे कोण बघत नाही, ते यावरून कळलं.

मागणं फार नाही. पूर्वी आपल्या अंकात रोज टीव्हीच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना असायचा. तो आपण कधी बंद केलात ते कळलंही नाही. त्या जागी आता गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात असते. वाहिन्यांकडून माहिती घेऊन मराठी जुन्या चित्रपटांपुरत्या दोन ओळी तिथे छापता आल्या तर पाहावं. वेळ पहाटे चारची असली तरी छापा. सासूबाई साडेतीनला जाग्याच असतात, मी गजर लावीन.

आपली,
एक वाचिका
गावभाग, सांगली