७२० नोंदी, पण माहिती ३८ नोंदींइतकीच

महोदय,

‘गेल्या महिन्यात शहरातली हवा सुधारली’ अशा बातम्या हिवाळ्यात हमखास येतात. सरासरी छापली जाते. ती किती भरवशाची, हे छापले जात नाही. खरी सरासरी तिच्या किती वर-खाली असू शकते, ही मर्यादा काढलीच, तर बहुधा प्रत्येक नोंद स्वतंत्र धरून काढतात, आणि चूक तिथेच होते.

सूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) दर तासाला एक नोंद धरली, तर ३० दिवसांत ७२० होतात. पण नऊ वाजताची हवा दहा वाजता फारशी बदललेली नसते. रोजचा ठरावीक चढउतार वजा केल्यावरही लगतच्या तासांतला सहसंबंध (दोन नोंदी किती जोडीने बदलतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जोडीने) ०.९ उरला असे धरू. आता ७२० ला (१ − ०.९) ने गुणून (१ + ०.९) ने भागा. उत्तर ३८, म्हणजे ७२० नोंदींत माहिती ३८ स्वतंत्र नोंदींइतकीच. प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम असेल, तर नेहमीच्या सूत्राने सरासरीची ९५ टक्के मर्यादा ±२.२ येते, खरी ±९.५ आहे. दोन महिन्यांच्या सरासरींतल्या फरकाची मर्यादा तर ±१३.५. म्हणजे सरासरी ६२ वरून ५६ वर आली, तरी हवा सुधारली असे म्हणता येत नाही.

दर १५ मिनिटांनी मोजूनही भागत नाही. नोंदी २,८८० होतात, पण सहसंबंधही ०.९७४ वर जातो आणि हाती पुन्हा ३८च! हवा मोजणाऱ्या केंद्रांचेही तसेच. दहा केंद्रांत परस्पर सहसंबंध ०.८ असेल, तर शहराच्या सरासरीपुरती ती सव्वा केंद्राएवढीच, कारण वारा पडतो तो सगळीकडे एकदमच. (केंद्रे हवीतच, कुठल्या वस्तीत हवा वाईट, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही.)

यावर संख्याशास्त्रज्ञ क्युन्श यांनी १९८९ मध्ये मांडलेली ब्लॉक बूटस्ट्रॅप पद्धत वापरावी: हाती असलेल्या नोंदींतून पुन्हापुन्हा चिठ्ठ्या उचलाव्यात तशा नोंदी उचलून दर वेळी सरासरी काढायची आणि त्या सरासरींच्या पसाऱ्यावरून मर्यादा ठरवायची; मात्र नोंदी सुट्या न उचलता सलग तुकड्यांनी उचलायच्या. इथे ७२ तासांचा तुकडा योग्य, कारण ०.९ चा सहसंबंध ४८ तासांतच ०.०१ च्या खाली येतो. शिवाय ७२ हा २४ च्या पटीत असल्याने दिवसाचे चक्र मोडत नाही. तुकडे आखूड घेतले तर नोंदींचे नाते सांध्यांवर तुटते आणि मर्यादा खोटी अरुंद दिसते. महिन्यात असे दहाच तुकडे बसतात, ते फार थोडे. म्हणून तुलना अख्ख्या हिवाळ्याची करावी.

यंत्र बंद असलेले तासही मोजावेत. ते रात्रीचे असतील, तर नेमके धुरकट तास गळून सरासरी आपोआप उतरते. आपल्या दैनिकाने सरासरीशेजारी तिची मर्यादा आणि गळलेल्या तासांची संख्या छापावी, ही विनंती.

— संख्याशास्त्राचा एक अध्यापक, पुणे