‘प्रेषित’ कोणाला म्हणावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या पुरवणीतील लेखात मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांना सरसकट ‘येशूचे प्रेषित’ म्हटले आहे. त्यातले दोन बरोबर, दोन चूक. मत्तय आणि योहान ही नावे येशूने निवडलेल्या बारा जणांच्या यादीत आहेत. मार्क आणि लूक हे शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलातील पुस्तकांचे लेखक. बारा जणांत ते नव्हते. त्याच लेखात यशयालाही प्रेषित करून टाकले आहे. तो संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, आणि येशूच्या काही शतके आधीचा. मराठीत ही गल्लत का होते ते उघड आहे: इस्लामसंबंधी लिहिताना आपण ‘रसूल’ (अल्लाहने पाठवलेला) या शब्दासाठी ‘प्रेषित’ हाच शब्द वापरतो. मराठी बायबलात मात्र संदेष्टा वेगळा आणि प्रेषित वेगळा. मूळ ग्रीक ‘अपोस्टोलोस’चा अर्थ पाठवलेला. तेव्हा पहिला प्रश्न, कोणी पाठवले?

शिष्य म्हणजेच प्रेषित, असेही नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू रात्रभर प्रार्थना करतो, सकाळी शिष्यांना बोलावतो, त्यांतून बारा निवडतो आणि त्या बारांना हे नाव देतो.

नेमकी अट सापडते ती बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतची बारांतली जागा रिकामी आहे, सुमारे १२० जण जमले आहेत. बारांतला पेत्र सांगतो, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या (हा प्रेषित योहान नव्हे) बाप्तिस्म्यापासून येशू स्वर्गात घेतला जाईपर्यंत जो सतत बरोबर होता, असाच माणूस पुनरुत्थानाचा साक्षीदार म्हणून हवा. दोन नावे पुढे येतात, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. चिठ्ठ्या टाकतात, मत्थियाची निघते. पुढे बाराव्या अध्यायात हेरोद राजा प्रेषित योहानाच्या भावाला, बारांतल्याच याकोबाला, तलवारीने मारतो. तेव्हा मात्र बदली माणूस नेमल्याचा उल्लेख नाही. जागा रिकामी झाली होती ती यहूदाच्या विश्वासघाताने. मरणाने ती होत नव्हती.

या अटीत स्वतःला प्रेषित म्हणवणारा, बायबलातील पत्रांचा लेखक पौल बसतच नाही! येशू गालिलात हिंडत होता तेव्हा हा त्याच्याबरोबर नव्हता. म्हणूनच करिंथकरांना पत्रात तो विचारतो, मी प्रभूला पाहिले नाही काय? गलतीकरांना तो बजावतो की आपली नेमणूक माणसांकडून नाही. सोबतीची अट गेली, पण पुनरुत्थित ख्रिस्ताला पाहणे आणि त्याने स्वतः पाठवणे या दोन गोष्टींवर पौल अडून आहे. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने पौलाकडे मदत घेऊन धाडलेल्या एपफ्रदीतालाही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, पण तिथे पाठवणारी मंडळी आहे. त्याला पेत्राच्या पंक्तीत बसवता येत नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात जिला सलाम सांगितला आहे, त्या यूनियाचा वाद जास्त अवघड. ती ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ की ‘प्रेषितांना ठाऊक असलेली’, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती स्त्री होती, हे मात्र चौथ्या शतकातील धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोमने गृहीतच धरले होते. विसाव्या शतकातील छापील ग्रीक आवृत्त्यांनी स्वरचिन्ह बदलून तिचा पुरुष केला.

गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर ‘पूर्वेकडील देशांचे प्रेषित’ म्हणून ओळखले जातात. ही आदराची पदवी आहे. १५५२ साली निधन पावलेल्या धर्मप्रचारकाला ‘येशूचा प्रेषित’ लिहिले, की बारांतले संत थोमा आणि ते एकाच काळातले वाटू लागतात. बिशपही कॅथलिक शिकवणीनुसार प्रेषितांचे वारस. स्वतः प्रेषित नव्हेत.

हे पद पुन्हा चालू करण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडमध्ये १८३०च्या दशकात ‘कॅथलिक अपोस्टोलिक चर्च’ने बारा नवे प्रेषित नेमले. त्यांच्या मान्यतेशिवाय पाळकांना (धर्मगुरूंना) दीक्षा देता येत नव्हती आणि मेलेल्यांच्या जागी कोणी घ्यायचे नव्हते. शेवटचा प्रेषित १९०१ मध्ये वारला, दीक्षा थांबल्या आणि पाळकही हळूहळू संपले. जर्मनीतील फुटलेल्या गटाने नवे प्रेषित नेमणे चालू ठेवले. तो पंथ आजही आहे.

प्रार्थनासभेच्या फलकावर कोणी आपल्या नावामागे ‘अपोस्टल’ लावले असेल, तर बातमीत तो शब्द अवतरणचिन्हांत छापावा, एवढी विनंती.

– एक वाचक, वसई