पहिल्या तुकडीत कोण

ती. आई-बाबांना सा. न.

हे फोनवरच सांगणार होते. रविवारी दोनदा विषय काढायला गेले, दोन्ही वेळा आईनं "जेवलीस का?" विचारलं आणि माझं धाडस गळालं. म्हणून पत्र. दादा मोठ्या अक्षरात छापून देईल. बाबा, मोबाईल डोळ्यांपाशी धरून वाचत बसू नका.

मी आणखी दोन सीझन इथंच, या आइस हॉकीच्या टीमबरोबर राहायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे सही केलीये, आठ दिवस झाले. आणि जानेवारीत बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला येता येणार नाही. ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत 72 मॅचेस असतात, कधीकधी तीन दिवसांत तीन. जूनपर्यंत थांबा असं मी म्हणणार होते, पण डॉक्टर नाही म्हणाले आणि तेच बरोबर आहे. माझ्या सोयीसाठी तुम्ही अंधुक बघत बसायचं नाही.

पगारासाठी राहिले असं वाटू देऊ नका. पगार वाढलाय, पण थोडा. खरं कारण असं, की आतापर्यंत मी नुसते व्हिडिओ कापून देत होते. आता सकाळच्या बैठकीत, लायनी म्हणजे खेळाडूंच्या तुकड्या ठरतात तेव्हा, मला खुर्ची आहे. आई, तुला हे हसू येण्यासारखं वाटेल. बाबांना वाटणार नाही.

बाबा, मॅचला आमचे वीस गडी असतात. दोन गोलकीपर, साधारण सहा मागचे, आणि बारा फॉरवर्ड. या बारांच्या तिघातिघांच्या चार लायनी: मधे सेंटर, दोन बाजूंना दोन विंगर. एक लाईन बर्फावर जाते, चाळीस-पंचेचाळीस सेकंद जिवाच्या आकांतानं खेळते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून परत येते. तोवर पुढचे तिघं आत गेलेले असतात. तुम्ही खो-खोला लावायचात त्या पळतीच्या तुकड्याच की! फरक इतकाच, की इथं बाद व्हायची वाट बघायची नाही, दमायच्या आत परतायचं.

पहिल्या वर्षी हेड कोचच्या खोलीत पांढरा फळा बघितला, त्यावर नावांच्या लोहचुंबकी पट्ट्या, आणि मला आपला ओटाच दिसला. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, एकेक गडी म्हणून, तुम्ही तिनातिनानं मांडायचात आणि मी तुमच्या गुडघ्याला टेकून बसायचे. लाल बटण आणि पितळी बटण कधीच एका तुकडीत नसायचं. एकदा मी हळूच शेजारी ठेवली, तेव्हा तुम्ही न रागावता विचारलंत, "ही तुकडी लवकर बाद झाली तर मागं कोण उरलं?" (काळ्या बटणाबद्दल आपण बोलायचं नाही, मला माहितीये.)

तोच प्रश्न इथं रोज असतो. कॅनडातल्या एडमंटनच्या टीममध्ये मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल आहेत, जगातले दोन अव्वल. दोघंही सेंटर खेळू शकतात. एकत्र घातले तर समोरच्याची दैना, पण ते बाकावर दम खात असताना उरलेल्या तीन लायनींनी काय करायचं? कोच बदलत गेले, वाद तोच राहिला. गोल हवा असला की दोघांना जवळ आणायचं, एरवी बऱ्याचदा लांब ठेवायचं.

तुमच्या नियमाला एक अपवाद सापडलाय, तो मुद्दाम सांगते. व्हँकुव्हरचे सेडिन, जुळे भाऊ. 1999 साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एकाच क्लबनं दोघांना ओळीनं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि 2018 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते जवळजवळ कायम एकाच लाईनमध्ये खेळले. एक न बघता पास द्यायचा, दुसरा तिथं असायचाच. त्यांना तोडण्यात अर्थच नव्हता. तिसरा कोण, एवढाच प्रश्न, आणि तो बदलत राहायचा. त्यात सगळ्यात शोभला अलेक्स बरोज, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. मला हे तिसरा गडी शोधायचं काम आवडतं. अव्वल दोघं कुणालाही दिसतात हो.

आमच्याकडे तशी चैन नाही. आमची पोरं वरच्या टीमसाठी तयार होत असतात. आमच्या लीगचा नियमच आहे, की गोलकीपर सोडून उरलेल्या अठरा जणांपैकी तेरा जण तरी कमी अनुभवाचे हवेत. रात्री अकराला फोन येतो, पहिल्या लाईनचा सेंटर वर बोलावला जातो, आणि सकाळपर्यंत सगळा फळा पुसायचा.

नोव्हेंबरमध्ये मी एक जोडी तोडायला सांगितली. दोघं जिगरी दोस्त, गोलही करत होते. पण गोल फार थोडे पडतात, त्यावरून फसायला होतं. म्हणून आम्ही शॉट मोजतो, आपले किती आणि समोरच्याचे किती. हे दोघं आत असले की पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सारखा आमच्याच गोलापाशी. हेड कोच आधी नाही म्हणाले, चार मॅचनंतर हो म्हणाले. सरावाला प्रत्येक लाईनची जर्सी वेगळ्या रंगाची असते, ती सकाळी ज्याच्या त्याच्या जागी टांगलेली असते. त्या पोरानं लालच्या जागी निळी बघितली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुमच्या दारात रडत आलेली कदमांची मुलगी आठवली. तुम्ही तिला चहा पाजलात आणि तुकडी बदलली नाहीत.

माझी काळजी करू नका. घर इतकं गरम असतं, की मी आत सुती कपड्यांत वावरते. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी अजून नकाशासारखी होते. मेतकूट संपत आलंय. आईची गोधडी बसच्या प्रवासातही बरोबर असते, पोरं हसतात आणि मग मागून घेतात.

आता ऐका. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डॉक्टर म्हणतील तोवर वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. देवपूजा खुर्चीत बसून. स्कूटरची किल्ली दादाकडे. ड्रॉप्सच्या वेळा मी कागदावर लिहून दिल्यात, तो फ्रीजला लावा, कॅलेंडरखाली नको, तिथं दिसत नाही.

आणि आई, पाळ्या मी लावल्यात. सकाळी दादा, दुपारी सुमनकाकू, रात्री तू. सुमनकाकूंशी मी बोललेय, "कशाला उगाच त्यांना" म्हणू नकोस. दमलेला गडी आत राहिला की गोल बसतो, हे मी रोज बघते. मागच्या वेळेसारखं तीन-तीन रात्री उशाशी बसायचं नाही. आणि बाबा, तिला दुपारी झोपू द्या, हाका मारू नका.

पट्टी निघेल त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल करा. इथं मध्यरात्र असली तरी चालेल. फळ्याचा फोटो मी आधी पाठवून ठेवीन. त्यात तिसऱ्या लाईनचा डावा विंगर मला अजून पटत नाहीये. नव्या डोळ्यानं बघा आणि सांगा.

बटणांचा डबा माळ्यावर असेल तर खाली काढून ठेवा. तुम्ही चढू नका, दादाला सांगा.

तुमची,
छकुली