डायरीतली सही

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला कंपासपेटीत सापडेल. समोर बसून बोलले असते, पण आपल्या घरात सलग दहा मिनिटं मिळतात कुणाला? बाळ झोपलं की मुक्ताला भूक लागते, आणि मुक्ता झोपली की सेकंड शिफ्ट सुटून बाबा दारात.

काल बोरन्हाणाची बोरं-चुरमुरे ठेवायला जागा करताना तुझं दप्तर हलवलं आणि डायरी खाली पडली. पान उघडलं ते 28 नोव्हेंबरचं. लाल शाईत बाईंचा शेरा: ‘गृहपाठ अपूर्ण. तिसरी वेळ. पालकांची सही आणावी.’ खाली माझी सही. मी न केलेली.

आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. हातात लाटणं होतं, ते तसंच घेऊन तुला हाक मारणार होते. मग चष्मा लावून नीट बघितलं. शेवटच्या अक्षराची शेपटी, तिच्याखाली दोन टिंबं, सगळं बरोबर. पण ही माझी आत्ताची सही नाही गं. तू तिसरीत होतीस तेव्हा मी अशी करायचे, सावकाश, टेबलावर वही ठेवून. आता कुरिअरवाल्याच्या मोबाईलवर बोटाने काहीतरी ओढते, तीच सही. तू जुन्या प्रगतिपुस्तकावरून गिरवलीस ना?

मग तारीख आठवली. आदल्या दिवशी बाळाला चौदाव्या आठवड्याची इंजेक्शनं होती. बाबा सकाळी टोचून आणून कामावर गेले. रात्री अंग तापलं, मांडी लाल झाली, खाली ठेवलं की किंचाळायचा. मी तापाचे थेंब पाजले, “जरा वेळ बघ” म्हणून त्याला तुझ्याकडे दिलं आणि डोळा लागला तो साडेचारलाच उघडला. तू भिंतीला टेकून बसलेलीस, बाळ तुझ्या छातीवर, शेजारी वाटीत पाणी नि आजींच्या जुन्या लुगड्याची पट्टी. भूगोलाची वही उघडी होती. वर तारीख घातलेली, पुढे काही नाही. मी ती वही मिटून दप्तरात ठेवली. वाचली नाही, विचारलं नाही. आधीच्या दोन वेळा कुठल्या, तेही मला माहीत नाही.

तू मागे विचारलं होतंस, कंपनीतल्या त्या मावशीला सहा महिने रजा आणि तुला तीनच कशी? तेव्हा ‘नंतर सांगते’ म्हणाले होते. कायदा 2017 साली बदलला, 12 आठवड्यांची रजा 26 झाली. तू 2012 ची, मुक्ता 2016 ची, दोघींच्या वेळी 12 च होती. आणि घरात आधीच दोन मुलं असतील, तर तिसऱ्याला आजही 12 च. म्हणजे वाढीव रजेने मला तिन्ही वेळा चकवलं. त्यातले दोन आठवडे बाळंतपणाआधीच गेले. दिवाळी झाली नि मी कामावर जायला अंबडच्या बसमध्ये, बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं. आजींचे गुडघे हे असे. उरलं कोण? मी तुला विचारलंसुद्धा नाही. तू शाळेतून आलीस की बाळ तुझ्या कडेवर, हे आपोआप ठरून गेलं.

आणि त्या काकू “दोन मुलींच्या पाठीवर मुलगा, सुटलीस बाई” म्हणाल्या, तेव्हा तू चहाची बशी जरा आपटून ठेवलीस. ऐकलं मी. बोलले नाही, कारण मलाही तेच करायचं होतं.

मुक्ताचं बरं आहे. ती त्याला सतराचा पाढा म्हणून दाखवते आणि सतरा पंचे पंच्याऐंशीला तो झोपतो. तिची चौथीची तयारी होते आणि मला भांडी घासता येतात. आजींची गुटीची सहाण तिनेच पलंगाखाली लपवली आहे. डॉक्टरांनी सहा महिने दूधच म्हटलंय, म्हणून मीही ती शोधत नाहीये. तू काही म्हणू नकोस.

तर आता ऐक. सोमवारपासून सात ते साडेआठ तुझ्या हातात बाळ कुणी देणार नाही. रडला तरी मी बघेन, पोळ्या उशिरा होतील. लंगोट-दुपटी बाबा सकाळी धुतील. त्यांनी ‘बरं’ म्हटलंय, आवाज जरा बारीक होता. रात्री ताप आला तर मला हलवून उठव, पाणी मारावं लागलं तरी मार. तुला त्याच्याशी खेळायचं असेल तेव्हा खेळ, नसेल तेव्हा खोलीचं दार लावून घे.

शनिवारी मी अर्धी रजा टाकून शाळेत येते. ती सही माझी नव्हती, हे बाईंना मी सांगणार आहे. त्या रात्रीचंही सांगेन. तू शेजारी उभी राहा. ओरडा बसेल थोडा, दोघींना.

डायरी ओट्यावर आहे, डब्यांच्या मागे. तू केलेल्या सहीखाली मी माझी केली आहे. बाळ हातावर होतं, त्यामुळे तुझीच जास्त खरी वाटते.

तुझी,
आई