छांगूच्या दिवसाबद्दल

पुणे, १२ डिसेंबर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गंगटोकची तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता छांगू तलावाच्या त्या एका दिवसाबद्दल लिहिते. फोनवर सांगितलेल्या चार गोष्टींतल्या दोन राहूनच जातात, म्हणून कागदावर. आई, हे पत्र पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको.

स्वेटर, शाली, कानटोप्या सगळं काढून उन्हात टाकलंय असं बाबा म्हणाले. चांगलं झालं. पण छांगूला त्रास होतो तो थंडीपेक्षा उंचीचा. थंडी वाजली की आपण शाल ओढतो. उंचीचं तसं नाही, गाडीत नुसतं बसल्या बसल्या ती चढत जाते आणि खाली उतरून चार पावलं टाकली की कळतं. हिशोब असा: पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. गंगटोक शहर साधारण १,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं तिथे त्यांची बाजारपेठ आहे. आणि छांगू ३,७५३ मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. गंगटोकपासून अंतर फक्त ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळच्या दोन-अडीच तासांत तुम्ही २,१०० मीटर वर जाता. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू पुण्यातल्या श्वासाच्या साधारण दोन तृतीयांश असतो. म्हणून मी दिवसांचा क्रम बदलू देणार नाही.

पहिला दिवस बागडोगरा विमानतळावरून गंगटोक. सव्वाशे किलोमीटर, तिस्ता नदीच्या काठाने, चार ते पाच तास. दरड कोसळली असेल तर जास्त. त्या दिवशी पोचून फक्त जेवायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी रुमटेक मठ, त्याबद्दल पुढे. तिसऱ्या दिवशी छांगू. चौथा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवलाय. बर्फ जास्त पडला की रस्ता बंद करतात आणि त्या दिवशीचं परमिट वाया जातं. असं झालं तर चौथ्या दिवशी जा. तेव्हाही बंद असेल तर छांगू सोडून द्यायचं, बाबा. हट्ट नको. ४ एप्रिल २०२३ला याच रस्त्यावर फिफ्टीन्थ माईलजवळ हिमकडा कोसळून ७ पर्यटक गेले, आणि २०१८च्या डिसेंबरअखेर अचानक बर्फ पडल्यावर अडीच हजारांच्या आसपास माणसं वरती अडकली, त्यांना सैन्याने बाहेर काढलं. वाटेतल्या पोलिसांनी किंवा ड्रायव्हरने परत फिरा म्हटलं की फिरायचं. फोटोसाठी रस्ता सोडून उतारावरच्या बर्फात जायचं नाही, बाकी सगळे गेले तरी.

परमिट आपल्यालाही लागतं, कारण हा रस्ता चीनच्या सीमेकडे जातो. ते आदल्या दिवशी काढतात, हॉटेलवाला किंवा गाडीवाला काढून देतो. त्यासाठी प्रत्येकी दोन पासपोर्ट साईझ फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या, पॅन कार्ड चालत नाही, आणि एकट्या आधारवर विसंबू नका. फोटो इथूनच सहा-सहा काढून घ्या. तिथे ऐन वेळी फोटोच्या दुकानाचे चढ-उतार आईच्या गुडघ्यांना नकोत. थर्ड माईलच्या नाक्यावर कागद तपासतात, तेव्हा मूळ ओळखपत्र हाताशी असू दे.

गाडी पूर्ण आपली, तिथल्या भाषेत रिझर्व्ह. शेअर गाडी स्वस्त पडते हे मला माहीत आहे, बाबा. पण शेअर गाडीत आठ-दहा माणसं असतात, आणि तुमच्यापैकी कुणाला वर बरं वाटेनासं झालं तर बाकीच्यांचे फोटो होईपर्यंत गाडी खाली निघत नाही. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हा खरा इलाज आहे, आणि तो गाडीच्या चावीवर अवलंबून आहे. जास्तीचे पैसे त्या चावीचे समजा. बागडोगऱ्याहून आणणारी गाडी या रस्त्यावर चालत नाही, सिक्कीमची नोंदणी असलेली स्थानिक गाडीच लागते. ठरवतानाच सांगा: छांगू करून परत, नथु ला नाही.

नथु ला नाही, हे मी विचार करून सांगते आहे. ती खिंड ४,३१० मीटरवर आहे, तिचं परमिट वेगळं, सोमवार-मंगळवार बंद, आणि गाडीतून उतरल्यावर वारा झेलत पायऱ्या चढाव्या लागतात. सत्तरीच्या आणि रक्तदाबाच्या माणसाने पुण्याहून येऊन तिसऱ्या दिवशी तिथे चढू नये. एजंट म्हणेल, "अंकल, इतने पास आ के वापस?" त्याला नाही म्हणायचं. तलावाजवळ रोपवे आहे, तोही आणखी वर नेतो, तोही नको. याकवर बसणंही नको. चढता-उतरताना गुडघ्याला झटका बसतो आणि पडलं तर खाली कडक बर्फ असतो. याकच्या शेजारी उभं राहून फोटो काढा, पैसे आधी ठरवून.

सकाळी साडेसातला निघा. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो, पुण्यापेक्षा तासभर आधीच. दुपारनंतर ढग आणि धुकं येतं. सहाला गच्चीवर जाऊन बघा. आकाश स्वच्छ असेल तर कांचनजंगा दिसेल, ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं शिखर. पहिलं ऊन पडतं तेव्हा ते आधी गुलाबी, मग पिवळं, मग पांढरं होतं. सगळं पंधरा-वीस मिनिटांत. उशीर केलात तर ढगांत जातं.

नाश्ता हलका, टोस्ट नाहीतर इडली. पुरी-भाजी नको, वळणं फार आहेत. आई, तू पुढच्या सीटवर. गाडी लागू नये म्हणून घेतात ती ॲव्होमिन घेऊ नकोस, त्याने गुंगी येते आणि मग गुंगी गोळीची की उंचीची ते कळत नाही. आलेपाक चघळत राहा. बाबा, तुमची रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळेला, प्रवास आहे म्हणून चुकवायची नाही. उंचीसाठी डायमॉक्स नावाची गोळी असते. ती घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि आईला सल्फाची ॲलर्जी आहे, त्यामुळे कुणी दिली म्हणून घ्यायची नाही.

पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या सिक्कीममध्ये १ जानेवारी २०२२पासून बंद आहेत, तेव्हा स्टीलच्या दोन बाटल्या आणि एक थर्मास न्या. स्वच्छतागृह लांब असेल म्हणून आई पाणी पीत नाही, ते तिथे करू नकोस. कोरड्या हवेत शरीर सुकतं आणि डोकेदुखी वाढते. तलावाजवळ पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं आहेत, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा बरोबर ठेवा.

कपड्यांचं. आई, त्या दिवशी साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. साडीचा काठ बर्फाच्या चिखलात एकदा बुडला की पाणी कापडातून वर चढत जातं, मोजे भिजतात, आणि मग वर तीन स्वेटर असले तरी हुडहुडी जात नाही. आत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. बाबांचं पावसाळी जॅकेट त्या कामाला उत्तम. लोकर ऊब धरते, पण वारा तिच्यातून आरपार जातो. दोघांना गॉगल हवाच. बर्फावरून ऊन उलटं डोळ्यांत येतं आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.

वाटेत गमबूट भाड्याने मिळतात. घेतलेत तर आधी आत हात घालून अस्तर कोरडं आहे का बघा आणि तळ उलटा करून खाचा शिल्लक आहेत का बघा. झिजलेल्या तळाचे गमबूट बर्फावर साबणासारखे सरकतात. माझं मत, पावसाळ्यात सिंहगडाला घालता ते खोल खाचांचे बूट आणि दोन जोड मोजे पुरे. पांढऱ्या भुसभुशीत बर्फाची भीती नाही, पाय रुततो आणि थांबतो. सांभाळायचं ते सावलीतल्या डांबराला. दिवसा वितळलेलं पाणी रात्री तिथे गोठतं, आणि सकाळी ते नुसतं ओल्या रस्त्यासारखं दिसतं. ओल्या रस्त्यावर चाक गेलं की शिंतोडे उडतात. उडत नसतील तर तो बर्फ आहे. अशा जागी टाच आधी न टेकवता अख्खा तळवा एकदम टेकवायचा, पावलं छोटी, हात खिशाबाहेर. काठीचं रबरी टोक गोठलेल्या रस्त्यावर सरकतं, तिच्यावर भार टाकू नका, एकमेकांचा हात धरा.

तलाव साधारण किलोमीटरभर लांब, अंड्याच्या आकाराचा. जानेवारीत तो गोठलेला असतो, कडेला निळसर, मध्ये पांढरा. तिथले लोक त्याला पवित्र मानतात, पूर्वी लामा पाण्याच्या रंगावरून पुढच्या काळाचं भाकीत करत. गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवू नका. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ असतो आणि वरून तो ओळखू येत नाही.

गाडीतून उतरल्यावर आधी पाच मिनिटं उभं राहायचं, मग चालायचं. चालताना एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर थांबा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तुम्ही रोज न थांबता चढता, तो दम तिथे धरू नका, दहा पायऱ्यांनाच धाप लागेल आणि ते साहजिक आहे. तास-सव्वा तास पुरे. टपरीवर चहा घ्या. तिथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे मॅगीला वेळ लागतो.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेणार असाल तर आधी हात चोळून गरम करा, गार बोटावर आकडा चुकतो. ८५ ते ९० दिसला तर घाबरू नका, त्या उंचीवर निरोगी माणसालाही तेवढाच येतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. थोडं डोकं जड होणं चालेल. पण उलटी, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणं, किंवा बसल्या जागी धाप लागणं, यातलं एकही दिसलं की चहा टाकून गाडीत बसा आणि खाली चला. कापराची पुडी लता मावशीने दिली आहे ना? तिच्या वासाने नाक मोकळं वाटतं, रक्तात प्राणवायू वाढत नाही. छोटे ऑक्सिजनचे डबे विकतात ते काही मिनिटांत संपतात. खाली उतरेपर्यंत आधार म्हणून ठीक, पण तेवढ्यावर तिथे थांबायचं नाही.

मठांबद्दल थोडक्यात. रुमटेक गंगटोकपासून २४ किलोमीटर, समोरच्या डोंगरावर. आताची इमारत १९६६ची, तिबेटमधून आलेल्या सोळाव्या कर्मापांनी (त्यांच्या बौद्ध पंथाचे प्रमुख लामा) बांधलेली. प्रवेशाशी ओळखपत्र बघतात आणि गाडीतळापासून चढ आहे, निवांत चढा. छांगूहून दुपारी अडीचपर्यंत परत आलात आणि अंगात त्राण असलं तरच शहराच्या माथ्यावरचा एन्चे मठ करा. तो छोटा, शांत, १९०९चा, आजूबाजूला सरळ उंच झाडं. दोन्हीकडे बूट बाहेर काढतात आणि आतली फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून जास्तीचे लोकरी मोजे पर्समध्ये. टोपी काढायची, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून, प्रार्थनाचक्र उजव्या हाताने त्याच दिशेला फिरवायचं. लामांच्या बसायच्या गाद्या ओलांडू नका. आत फोटो काढायचा तर विचारून.

डोकेदुखी पुष्कळदा संध्याकाळी सुरू होते, खाली आल्यावर. त्या रात्री गरम सूप, भात, लवकर झोप. बाबा, एक दिवस व्हिस्की नाही. रात्री साडेआठला मी फोन करीन. वर रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे दुपारी फोन लागला नाही तर काळजी करणार नाही, पण साडेआठला उचला. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

शनिवारी डॉक्टरांकडे मी येते. तोवर बुटांचे तळ बघून ठेवा. बाबांचे झिजले असतील तर रविवारी लक्ष्मी रोडला जाऊन नवे घेऊ, म्हणजे निघेपर्यंत रोज घालून पायाला बसतील.

तुमची,
लेक